आधी कथा, मग भूत

काही महिन्यांपूर्वी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी भरलेल्या एका विज्ञान शिबिरात ध्वनी या विषयावर बोलण्याचा योग आम्हाला आला. प्रश्नोत्तरांच्या वेळी अकरावीतील एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले, "सर, अमेरिकेत स्टॅन्ली नावाचे एक जुने हॉटेल आहे. तिथे भुते आहेत असे म्हणतात. राहून आलेले कितीतरी लोक तसे सांगतात. ते सगळेच खोटे बोलत असतील का?"

आम्ही हसलो. मग मोठ्या ऐटीत सांगितले, की कानाला ऐकू न येणारा, १९ हर्ट्झच्या आसपासचा अवश्राव्य ध्वनी जुन्या इमारतींत निर्माण होतो. त्याने माणसाला अस्वस्थ वाटते, डोळ्यांच्या कडेला आकृत्या दिसतात आणि लोक त्यालाच भूत समजतात. सभागृहात हशा झाला, टाळ्याही पडल्या. मुलगी खाली बसली. तिने पुढे काही विचारले नाही.

घरी परतल्यावर हेच उत्तर लेखरूपाने मांडावे म्हणून आम्ही मूळ शोधनिबंध काढून बसलो, आणि ध्यानात आले की आपले उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. भुताच्या एका गोष्टीला आम्ही विज्ञानाच्या वेषातली दुसरी गोष्ट सांगून गप्प केले होते. शिवाय 'लोक खोटे बोलतात का?' या तिच्या खऱ्या प्रश्नाला आम्ही हातही लावला नव्हता. ते राहून गेलेले उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

हॉटेल आणि एक स्फोट

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर एस्टेस पार्क हे गाव आहे. वाफेवर चालणारी 'स्टॅन्ली' मोटारगाडी बनवणाऱ्या दोन जुळ्या भावांपैकी एक, फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली, हे १९०३ साली क्षयाने खंगलेल्या अवस्थेत येथे हवापालटासाठी आले. प्रकृती सुधारली, गाव आवडले आणि १९०९ साली त्यांनी येथे एक भव्य हॉटेल उघडले. ही इमारत उन्हाळी पाहुण्यांसाठी होती. थंडी सुरू झाली की ती बंद होत असे. हॉटेलला वीज मिळावी म्हणून स्टॅन्ली यांनी जवळच्या फॉल नदीवर जलविद्युत केंद्रही उभारले.

नव्या वीजपुरवठ्याचा भरवसा नव्हता, म्हणून दिव्यांसाठी ॲसिटिलीन वायूची पर्यायी सोय केलेली होती. जत्रेत कार्बाइडचे दिवे पाहिलेल्या शिक्षकांना हा वायू परिचित असेल. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन सुटतो आणि मागे विरलेला चुना उरतो. ज्योत लख्ख पांढरी, पण वायू मोठा धोक्याचा. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते १० टक्के या मर्यादेत मिसळला तरच पेट घेतो. ॲसिटिलीनच्या बाबतीत हीच मर्यादा सुमारे २.५ पासून थेट ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे. त्यामुळे गळती झालेल्या बंद खोलीत ठिणगी पडली, तर मिश्रण स्फोटक असण्याचीच शक्यता जास्त.

२५ जून १९११ रोजी नेमके हेच घडले. एक सेविका पेटती मेणबत्ती घेऊन २१७ क्रमांकाच्या खोलीत शिरली. तेथे गळलेला वायू साठला होता. स्फोटाने खोलीची जमीन कोसळली आणि ती खालच्या भोजनगृहात जाऊन पडली. तिचे पाय मोडले. पण ती वाचली, आणि या स्फोटात दुसरेही कोणी दगावले नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांत या बाईचे नावसुद्धा एकसारखे आलेले नाही. हॉटेलच्या परंपरेत मात्र 'एलिझाबेथ विल्सन' हे नाव रूढ झाले.

कथा कधी जन्मली?

पुढची साठ-एक वर्षे या हॉटेलचा इतिहास त्या मानाने शांत आहे. मग १९७४ च्या शरद ऋतूत स्टीफन किंग हा अमेरिकन लेखक पत्नीसह येथे एक रात्र मुक्कामाला आला. हंगाम संपत आला होता, हॉटेल बंद होण्याच्या बेतात होते आणि पाहुणे असे हे दोघेच. त्यांना खोली मिळाली २१७. त्या रात्री किंगला स्वप्न पडले, की आपला लहान मुलगा हॉटेलच्या लांबच लांब बोळांतून किंचाळत धावतो आहे आणि आग विझवण्याची नळी त्याचा पाठलाग करते आहे. तो घामाघूम होऊन जागा झाला, आणि एका कादंबरीचा आराखडा त्याच्या डोक्यात तयार झाला. हे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याला तेथे भूत दिसले नव्हते. त्याला स्वप्न पडले होते.

'द शायनिंग' ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. १९८० साली स्टॅन्ले क्युब्रिक यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्याचे चित्रीकरण स्टॅन्ली हॉटेलात झालेच नाही. आतले प्रसंग इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यात घेतले, तर बाहेरून दिसते ती इमारत ओरेगन राज्यातील टिंबरलाइन लॉज. त्या लॉजच्या चालकांनी विनंती केली, की आमच्याकडे २१७ क्रमांकाची खोली आहे, तिच्यात उतरायला लोक कचरतील. म्हणून चित्रपटात ती खोली २३७ झाली. स्टॅन्लीच्या २१७ ला मात्र उलटा अनुभव आला. तीच खोली मागून घेणाऱ्यांची रीघ लागली.

स्टॅन्ली हॉटेल 'झपाटलेले' म्हणून गाजू लागले ते कादंबरीनंतरच्या वर्षांत. भुतांच्या शोधात रात्रीच्या सशुल्क फेऱ्या सुरू झाल्या, दूरचित्रवाणीवरचे भूतसंशोधक आपली यंत्रे घेऊन आले, १९९७ साली कादंबरीवरची मालिका प्रत्यक्ष या वास्तूत चित्रित झाली. सर्वांत बोलका पुरावा बागेत आहे. किंगच्या कादंबरीत झुडपे कापून केलेले प्राणी आहेत, कुंपणांचा चक्रव्यूह नाही. तो क्युब्रिकने चित्रपटात घातला. चित्रपट पाहून स्टॅन्लीत येणारे पाहुणे विचारीत, तो चक्रव्यूह कोठे आहे? शेवटी २०१५ साली हॉटेलने झुडपे लावून चक्रव्यूह तयार केला! ज्या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले नाही, त्यातली कादंबरीतही नसलेली गोष्ट आज तेथे जमिनीतून उगवलेली आहे. आणखी पन्नास वर्षांनी कोणी म्हणेल, "हा चक्रव्यूह पाहूनच तो चित्रपट सुचला असणार."

आमचे म्हणणे एवढेच आहे, की भुते याच मार्गाने आली. म्हणून कोणत्याही भुताच्या गोष्टीला पहिला प्रश्न 'खरे की खोटे?' हा विचारण्यापेक्षा 'आधी काय, नंतर काय?' हा विचारावा.

भुतांची हजेरी

आता या प्रश्नाच्या आधारे स्टॅन्लीतल्या प्रमुख भुतांची हजेरी घेऊ.

पहिले भूत २१७ मधल्या सेविकेचे. ती रात्री पाहुण्यांचे कपडे घडी करून ठेवते, सामान आवरते, आणि अविवाहित जोडप्यांच्या मधोमध थंडगार होऊन आडवी येते असे सांगतात. तिने जे भोगले ते खरे आहे, पण त्यात ती मेली नाही. कादंबरीतल्या २१७ मध्ये न्हाणीघरात एका मृत बाईचे भूत आहे. त्याचा सेविकेशी संबंध नाही. मृत बाई कादंबरीतून, सेविका इतिहासातून आणि खोलीचा क्रमांक दोहोंतून घेऊन हे मिश्र भूत तयार झालेले दिसते.

दुसरे भूत लॉर्ड डनरेव्हन यांचे. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत ते दिव्यांशी खेळतात, पाहुण्यांच्या वस्तू पळवतात असा लौकिक आहे. हे आयरिश उमराव १८७० च्या दशकात एस्टेस पार्कमध्ये आले, त्यांनी तेथे प्रचंड जमीन बळकावली आणि १८८० च्या दशकात ते निघून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. त्यांची जमीन पुढे स्टॅन्ली यांनी घेतली आणि हॉटेल बांधले ते १९०९ साली. डनरेव्हन १९२६ साली लंडनमध्ये वारले. म्हणजे ज्या वास्तूत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकले नाही, तिच्या चौथ्या मजल्यावर ते मुक्काम करून आहेत.

तिसरे भूत खुद्द स्टॅन्ली यांचे. ते दिवाणखान्यात फिरतात आणि त्यांची पत्नी फ्लोरा पियानो वाजवते असे म्हणतात. स्टॅन्ली वारले १९४० साली, दूर मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन येथे, वयाच्या ९१ व्या वर्षी. हॉटेलचे स्वामित्व त्यांनी त्याआधीच सोडले होते.

यावर श्रद्धाळू मंडळींचे उत्तर ठरलेले आहे: आत्मा जेथे मेला तेथेच राहतो असे थोडेच आहे? जेथे जीव गुंतला तेथे तो जातो. ठीक आहे. पण मग जो तेथे मेला तो तेथे, जो दुसरीकडे मेला तोही तेथे, जो कधी आलाच नाही तोही तेथे. कोणतीही नोंद सापडली तरी जे विधान चुकत नाही, त्या विधानाने आपल्याला जगाविषयी काहीच सांगितलेले नसते. वर्गात विज्ञानाची पद्धत शिकवताना 'कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही हे म्हणणे मागे घ्याल?' हा प्रश्न आपण शिकवतो. तो येथे विचारायचा.

पाहुणे खोटे बोलतात का?

इथपर्यंतचे काम इतिहासाच्या नोंदींनी झाले. पण पाहुण्यांचे अनुभव उरतातच. रात्री पावले वाजली, मुले खिदळली, छातीवर कोणी बसले, खोलीत कोणी उभे होते. सांगणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात असेच आम्ही धरून चालतो.

प्रथम साधा हिशेब करू. हॉटेलात सुमारे १४० खोल्या आहेत. वर्षाच्या ३६५ रात्री धरल्या तर ५१,१०० 'खोली-रात्री' होतात. त्यांतल्या निम्म्याच भरल्या असे मानू, तरी पंचवीस हजारांवर. हजारांतल्या एका मुक्कामात काही चमत्कारिक वाटले असे समजा. वर्षाला पंचवीस किस्से झाले, चाळीस वर्षांत हजार! ज्या पाहुण्यांना शांत झोप लागली ते सकाळी चहा पिऊन निघून गेले. त्यांचा किस्सा कोणी लिहून घेतला नाही. भूतकथांच्या संग्रहात अंश असतो, छेद नसतो. अपूर्णांकाचा छेद झाकला की कोणतीही संख्या मोठी दिसते.

दुसरी गोष्ट झोपेची. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले, की अनोळखी जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा डावा गोलार्ध उजव्याच्या मानाने कमी गाढ झोपतो आणि अनोळखी आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. जणू अर्धा मेंदू पहाऱ्याला बसतो. त्याच माणसांची दुसऱ्या खेपेस तपासणी केली तेव्हा हा फरक उरला नव्हता. हॉटेलातली रात्र ही बहुधा पहिलीच रात्र असते. त्यातून वास्तू लाकडी. उंच पर्वतावर दिवसा ऊन आणि रात्री कडाका. लाकूड आकुंचते, सांधे कुरकुरतात. वाड्यात राहिलेल्या आमच्या वाचकांना तुळयांचे रात्रीचे आवाज ठाऊक आहेतच.

तिसरी अवस्था म्हणजे झोपेतून जाग येताना शरीर जखडले जाणे. स्वप्नांच्या झोपेत स्नायू शिथिल केलेले असतात. कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायूंवरचा हा ताबा सुटायला क्षणभर उशीर होतो. हलता येत नाही, छातीवर दाब वाटतो, खोलीत कोणी आहे अशी खात्रीच होते. २०११ साली अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सोळा-सतरा! अनुभव तोच, त्याचे नाव मात्र गावाने दिलेले असते. लहानपणी मुंजाच्या गोष्टी ऐकलेल्याला पिंपळावरचा मुंजा आठवतो, २१७ मध्ये झोपलेल्याला सेविका.

नाव कसे काम करते हे दाखवणारा एक सुरेख प्रयोग १८९९ साली प्रसिद्ध झाला. वायोमिंग विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडविन स्लॉसन यांनी वर्गात बाटलीतला द्रव कापसावर ओतला आणि सांगितले, की या रसायनाचा उग्र वास हवेत किती वेगाने पसरतो ते पाहायचे आहे; वास आला की हात वर करा. काही सेकंदांतच पुढच्या रांगेतले हात वर झाले, मग लाट मागे सरकत गेली. पाहता पाहता तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांना वास आला. पुढच्या काही जणांना तर इतका त्रास होऊ लागला की ते उठून जायच्या बेतात होते, म्हणून प्रयोग थांबवावा लागला. बाटलीत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी होते. ते विद्यार्थी खोटे बोलत नव्हते.

भुतांच्या बाबतीतही अशी परीक्षा झाली आहे. १९९७ साली लँग आणि हूरान या संशोधकांनी २२ जणांना एका नाट्यगृहातील पाच जागांमधून फिरवले. निम्म्यांना सांगितले की ही वास्तू झपाटलेली आहे. उरलेल्यांना सांगितले की येथे दुरुस्तीचे काम चालू आहे. जागा त्याच, वेगळे होते ते फक्त आधीचे वाक्य. पहिल्या गटाने विचित्र अनुभवांच्या कितीतरी अधिक तीव्र नोंदी केल्या. बावीस ही संख्या लहान आहे हे खरे. पण स्टॅन्लीत येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्याच गटातला असतो, आणि ते वाक्य त्याने पैसे मोजून ऐकलेले असते. १९९४ साली 'डम्ब अँड डम्बर' या विनोदी चित्रपटाचेही काही चित्रीकरण या हॉटेलात झाले. त्यातला विदूषक रात्री पाहुण्यांच्या खोलीत आल्याची तक्रार आमच्या वाचनात नाही.

येथे विरुद्ध बाजूची एक नोंदही दिली पाहिजे. रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरो शहराच्या पुलाखालील तळघरे येथे शेकडो लोकांकडून नोंदी घेतल्या. २००३ सालच्या त्यांच्या निबंधानुसार ज्या जागा आधीपासून झपाटलेल्या मानल्या जात, तेथे नवख्या लोकांनीही अधिक विचित्र अनुभव नोंदवले. म्हणजे सारा खेळ ऐकीव माहितीचा नाही. जागेतही काही आहे. ते 'काही' म्हणजे काय, याचा माग काढताना संशोधकांना उजेड किती, जागा केवढी, अशा साध्या गोष्टींशी संबंध आढळला. अंधारी, प्रशस्त जागा माणसाला अस्वस्थ करते आणि त्या अस्वस्थतेतून मग त्या जागेची ख्याती तयार होते.

विज्ञानाच्या वेषातल्या गोष्टी

स्टॅन्लीच्या भुतांना एक 'शास्त्रीय' आधारही दिला जातो. हॉटेलखालच्या खडकात गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ आणि चुनखडक आहेत, आणि ते जुन्या घटनांची 'ऊर्जा' साठवून पुन्हा दाखवतात, असे सांगतात. दगडात घटना मुद्रित होतात या कल्पनेला रूढ नाव मिळाले तेच मुळी बीबीसीने १९७२ साली दाखवलेल्या 'द स्टोन टेप' या भयनाट्यावरून. येथेही आधी कथाच!

आता भूविज्ञान पाहू. एस्टेस पार्कच्या परिसरातील मूळ खडक ग्रॅनाइट, शिस्ट आणि नाइस हे आहेत. हा चुनखडकाचा प्रदेश नव्हे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतेच, जगभर असते. ते स्मृती साठवत असते तर बहुतांशी क्वार्ट्झच्या कणांची बनलेली प्रत्येक वाळवंटी टेकडी भुतांनी गजबजली असती. क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठावर विद्युतभार येतो हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो ती याच गुणधर्मामुळे. पण दाब काढला की भार जातो. शिवाय खडकातले स्फटिक वाटेल त्या दिशांनी पडलेले असल्याने त्यांचे परिणाम बरेचसे परस्परांना मारतात. घड्याळात क्वार्ट्झ आहे म्हणून घड्याळाला काल आठवत नाही.

भूतसंशोधकांच्या हातातले चुंबकीय क्षेत्राचे मापकही असेच. ते तारांमधल्या प्रत्यावर्ती विजेजवळ वाजतात. जुन्या इमारतीच्या भिंतींतून तारा गेलेल्या असतात, म्हणून ते वाजते. उपकरण खरे बोलते. अर्थ लावणारा चुकतो.

आणि आता आमची पाळी. आम्ही शिबिरात सांगितलेला अवश्राव्य ध्वनी आला कोठून? १९९८ साली विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने एक अनुभव प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत रात्री काम करताना त्यांना अस्वस्थ वाटले, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेले तलवारबाजीचे पाते आपोआप कंप पावताना दिसले. शोध घेता एका नव्या पंख्यामुळे खोलीत स्थिर तरंग तयार होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पंख्यात बदल केला आणि त्रास थांबला. त्याची वारंवारता १८.९८ हर्ट्झ. हा आकडा तेव्हापासून जगभर फिरतो आहे.

पण तो मोजलेला नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला १,१३९ फूट आणि खोलीची लांबी ३० फूट धरून १,१३९ ला ६० ने भागले, की १८.९८ येते. लांबी '३० फूट' इतकीच ढोबळ असताना उत्तर चार सार्थ अंकांत देणे हे दहावीच्या वहीत आपण लाल शाईने खोडतो. टँडी यांचे निरीक्षण चिकित्सक वृत्तीचा उत्तम नमुना आहे यात शंका नाही; पण ती एका खोलीची, एका माणसाची गोष्ट आहे. पुढे ख्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम 'झपाटलेली खोली' बांधली. ७९ जणांना त्यांनी एकेकटे ५० मिनिटे आत सोडले. कधी अवश्राव्य ध्वनी चालू, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. काही विचित्र वाटू शकेल अशी कल्पना सर्वांना आधीच दिली होती. अनेकांना विचित्र वाटले. पण यंत्रे चालू होती की बंद, याच्याशी त्याचा संबंध आढळला नाही. सूचनेचा प्रभाव हेच सर्वांत साधे स्पष्टीकरण, असे त्यांनी २००९ साली लिहिले. आम्ही हा निबंध न वाचताच टाळ्या घेतल्या होत्या.

आपल्या दारातले हॉटेल

हीच कसोटी मुंबईत लावून पाहू. ताजमहाल हॉटेलची दंतकथा अनेकांनी ऐकली असेल. परदेशी वास्तुकार आराखडा देऊन मायदेशी गेला, परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, तोंड समुद्राकडे असायचे ते मागल्या बाजूला! त्याने निराशेने वरून उडी घेतली आणि त्याचे भूत अजून तेथे फिरते.

नोंदी काय सांगतात? मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. पुढे ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुकाराने पुरे केले आणि १९०३ साली हॉटेल उघडले. प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होते, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून येत आणि समुद्राची बाजू खोल्यांसाठी राखणे श्रेयस्कर होते. आज आपण गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून हॉटेलकडे पाहतो, म्हणून ते 'उलटे' वाटते. पण गेटवे पुरे झाले १९२४ साली आणि हॉटेलचे प्रवेशद्वार समुद्राकडे आले तेही नंतर. इमारत उलटी बांधली गेलीच नव्हती, तर उडी मारायला कारण उरत नाही. या दंतकथेत आमच्या मते भुतापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. ती परक्या साहेबाला अमर करते आणि आराखडा काढणाऱ्या वैद्य-मिर्झांचे नाव पुसून टाकते.

वर्गात काय करावे?

विद्यार्थी भुताचा अनुभव सांगू लागला तर हसू नये, हे आम्ही स्वतः हसून शिकलो. त्याला तीन प्रश्न विचारावेत. तू गोष्ट आधी ऐकली होतीस की अनुभव आधी आला? त्याच जागी त्या रात्री आणखी किती जण होते, आणि त्यांना काय वाटले? काय सापडले तर तू तुझे मत बदलशील? पहिला प्रश्न कालक्रमाचा, दुसरा छेदाचा, तिसरा कसोटीचा. हेच तीन प्रश्न भुताच्या 'शास्त्रीय' स्पष्टीकरणालाही लावावेत.

एक निरुपद्रवी उपक्रमही करता येईल. लाकडी कपाट, पंखा, नळ यांचे अस्पष्ट आवाज मिनिटभर ध्वनिमुद्रित करावेत. वर्गाचे दोन गट करून एकाला 'रात्रीच्या रिकाम्या वास्तूतले आवाज' आणि दुसऱ्याला 'साफसफाई चालू असतानाचे आवाज' असे सांगून तेच ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि काय ऐकू आले ते न बोलता लिहायला सांगावे. मग दोन्ही गटांचे कागद फळ्यावर मांडावेत. घाबरणाऱ्या मुलांना मात्र यात ओढू नये, आणि शेवटी खरा प्रकार सर्वांना सांगावा.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता आमच्याकडे नाही. हा अंक तिच्या हाती पडेल अशी आशा आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: नाही, ते सगळे खोटे बोलत नाहीत. त्यांना जे जाणवले ते जाणवलेच. पण काय जाणवावे हे त्यांना कोणीतरी आधी सांगून ठेवले होते. आणि अवश्राव्य ध्वनीविषयी आम्ही तुला जे छातीठोकपणे सांगितले, ते मागे घेतो.